ओल जिथवर, तिथवर

पाणथळीला संरक्षण द्यायचा ठराव नगरपालिकेत मंजूर झाला होता. फक्त तिची हद्द आखायची राहिली होती. मोजणीदारबाई सकाळच्या धुक्यात खुंट्या घेऊन उभ्या राहिल्या, पण पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, हे काही केल्या कळेना. शेवटी त्यांनी लव्हाळ्याच्या चटया विणणाऱ्या आपल्या मावशीला बोलावलं.

मावशीने चपला काढल्या, डोळे मिटले आणि ती संथपणे चालू लागली. "वरून कोरडं दिसलं तरी तळव्यांना गारवा कळतो गं," ती म्हणाली. "हं, इथे ठोक." बाई तिच्यामागून खुंट्या ठोकत गेल्या. आपण पाण्याखालूनच चालतोय, असं त्यांना वाटू लागलं. मावशी थांबली ती थेट नगरपालिकेच्या कच्च्या वाहनतळाच्या मधोमध.

"अगं, इथे मुख्याधिकारी साहेबांची गाडी लागते!"

"मग साहेबांना सांग, गाडी तळ्यात लावताय."

बाईंना हसू फुटलं. खात्री करायला त्यांनी हातभर खणलं, तर खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपलं आणि त्यात आभाळ उतरलं. नकाशावरची रेघ त्यांनी तिथूनच नेली. थोड्या वेळाने साहेब गाडी घेऊन आले आणि वाकून त्यांनी त्या खड्ड्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. मग त्यांनी नकाशावर सही केली आणि गाडी मागे घेतली.