पुंजारामची ताठ मान

मी एक जुनी कवटी आहे. अकोल्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात राहते. मित्रांनो, घाबरू नका. कधीकाळी मी बाळापूरच्या पुंजारामच्या खांद्यांवर होते.

पुंजारामची पिठाची चक्की होती. कोणी राम राम केला की तो हात जोडायचा, पण मान लववायचा नाही. लोक म्हणत, "लय अकडू माणूस!" गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला सगळ्यांची डोकी खाली, याचं मात्र वर. त्याची बायको दुर्गाबाई, त्या चिडायच्या. "मान झुकवाले काय जाते तुमचं?"

"झुकतच नाई वं," तो हसून म्हणायचा. त्यांना ती थट्टा वाटे.

तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं आणि मी इथं आले. पण मुलं मला उचलून लगेच ठेवून देत. माझ्या तळाची छिद्रं पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हती. ज्यातून मेंदूतली मोठी शीर खाली उतरते, ते उजवं छिद्र ऐसपैस आणि डावं अगदी बारीक. शेवटी मी खालच्या खणात धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं.

एकदा इशिता नावाच्या विद्यार्थिनीनं मला बाहेर काढलं. "मॅडम, ही कवटी चुकीची आहे."

गीतांजली मॅडमनी मला उलटं धरून हळूच बोट फिरवलं. "छिद्रं अशी लहानमोठी असतातच गं. पण हे बघ, मानेचा पहिला मणका कवटीलाच जुळलाय. जन्मापासून. डोकं लवतं तो सांधाच नाही इथं."

मी कोणाची, हे मॅडमना ठाऊक होतं. देहदात्यांच्या घरच्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं आणि दुर्गाबाईंना शेजारी बसवून सगळं सांगितलं.

"म्हंजे गुर्मी नोती त्याईले?"

"नाही आजी. हाडच तसं होतं."

"अन् मी जलमभर भांडली." दुर्गाबाईंनी त्या जुळलेल्या हाडावरून बोट फिरवलं. "मान दुखत असन काय हो त्याईची?"

"दुखत असेल कधीकधी."

"कदी बोलले नाई." मग माझ्या कपाळावर तळहात ठेवून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. इतक्या मायेनं मला कोणी धरलं नव्हतं.

मित्रांनो, आता मुलं मला दोन्ही हातांनी उचलतात. तुम्हीही हाडं जपून हाताळा. आणि कोणी तुमच्यापुढे वाकलं नाही, तर रागावण्याआधी जवळ जाऊन एवढंच विचारा, "दुखतं का रे?"