ब्लायटी

मुरूमचा महांतप्पा पलटणीतून रजेवर आला आणि बातमी घेऊन थेट महादेवीच्या दारात उभा राहिला.

"बसवराजची लॉरी उडाली, वैनी. जिता हाय. उचलून नेताना गोरा डाक्टर म्हणला, ह्याला ब्लायटी लागली."

"म्हंजे काय?"

"म्हाईत न्हाय. पण गोरे हसत होते."

नवऱ्याला असं काय लागलं, की लोकांनी हसावं?  महादेवी चुलीपुढून दारात, दारातून पुन्हा चुलीपुढं. शेवटी ती पेठेत शिवलिंगप्पांच्या कापडदुकानात गेली. त्यांना दखनी, इकडची उर्दू, चांगली येई.

शब्द तोंडात घोळवत ते म्हणाले, "बिलायती असंल. सायबाच्या मुलखाला नेलं वाटतं त्याला."

पोरगा समुद्रापार गेला म्हणून सासू इरम्मानं हंबरडा फोडला. महादेवीला बसवेना. महांतप्पाला सोबत घेऊन, संस्थानाची हद्द ओलांडून तिनं सोलापूर गाठलं; तिथं इंग्रजांची भरती कचेरी होती. तिथला म्हातारा हवालदार ऐकून हसला.

"रडू नको, बाई. शब्द आपलाच हाय. सायबाच्या मालाला आपण बिलायती म्हणतो. ते ऐकून ऐकून गोऱ्या शिपायांनी त्याचं ब्लायटी केलं, अन् त्यांच्या घरालाच ते नाव दिलं. मागल्या लढाईत जीव न घेता घरी धाडणारी जखम झाली, की तिलाबी ब्लायटीच म्हणायचे. तुझा माणूस घरी येणार. पुण्याच्या इस्पितळात विचार."

पुण्यात बसवराज सापडला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. महादेवीला बघून त्यानं तोंड फिरवलं. हात सारखा चादर ओढत होता.

"समदे नशीबवान म्हणत्यात मला. तामलवाडीचा बलभीम लॉरीत शेजारीच बसला होता. माझ्या मांडीवर गेला."

सुट्टी मिळाल्यावर दोघं सोलापूरला उतरली. मुरूमची मोटार उभी होती.

"आधी तामलवाडी," बसवराज म्हणाला.

"अवो, आत्याबाई वाट बघत असतील."

"त्याची आईबी बघत असंल."

बलभीमची आई धुरपदाबाई अंगणात शेंगा फोडत होती. बसवराज कुबड्यांवर उभा राहून बोलला, "आई, घरी धाडणारी जखम मला झाली. त्याला न्हाय."

धुरपदाबाईनं त्याच्या पायाकडं बघितलं.

"जाताना तहान लागली होती का त्याला?"

"व्हय. पाणी पाजलं म्या."

"प्याला?"

"दोन घोट."

तिनं मान हलवली आणि घोंगडी अंथरली. बसवराज खाली टेकला आणि पाय गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. धुरपदाबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं. महादेवीनं शेंगांचं सूप ओढून घेतलं आणि ती शेंगा फोडायला लागली. त्या दिवशी दोघं तिथंच राहिली.