सुपारी फुटण्याआधी

डॉक्टरांनी प्रेमराजपुढे धरलेला रिपोर्ट प्रमिलाबाईंनी मधल्यामध्येच काढून घेतला.

"भाऊ, तुम्ही जरा बाहेर येता का?" डॉक्टर म्हणाले.

"तो कशाला बाहेर येईल? गाठ माझ्या अंगात आहे. काय असेल ते मला सांगा."

डॉक्टरांनी सांगितले. स्तनाचा कॅन्सर होता, पण पसरलेला नव्हता. सोमवारी उपचार सुरू केले तर आशा पुष्कळ होती. प्रेमराजने रुमाल डोळ्यांना लावला. आईने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने तो घडी घालून पुन्हा खिशात ठेवला.

"सोमवार जमणार नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर बघू."

पहूरच्या घरात चाळीस वर्षे त्यांचा शब्द खाली पडला नव्हता. शिवाय त्याआधीच, गुरुवारी, धुळ्याचे पाहुणे यायचे होते. नात मेघाची सुपारी फुटायची होती, लग्न दिवाळीनंतरचे. सोयरिकीच्या बैठकीत काय चौकशी होते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? भावकीतल्या प्रत्येक बैठकीत तो प्रश्न त्यांनीच विचारलेला: घरात कुणाला मोठा आजार?

प्रेमराज गाडी आणायला गेला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर सासू-सून राहिल्या.

"मेघाला कळता कामा नये, दिपमाला. कुणालाच नाही."

"माझ्या मायनंही हेच सांगितलं होतं."

"तुझ्या मायचं इथं काय? तिला अल्सर होता."

"अल्सर तुमच्यासाठी होता, आई. होती ती गाठच." दिपमालाने स्वतःच्या काखेखाली बोटे टेकवली. "तुम्ही मला बघायला अमळनेरला आलात, तेव्हा तिला ठाऊक होतं. तुम्ही तो प्रश्न विचारलात आणि ती मांडे करायला उठली. डावा हात वर जात नव्हता. मांडे जाड झाले, ते त्यामुळं."

त्या जाड मांड्यांवरून प्रमिलाबाईंनी सुनेला सव्वीस वर्षे टोमणे मारले होते.

"मग दवाखान्यात का नाही गेली?"

"बाई दवाखान्यात गेली की गावभर होतं. पोरीचं लग्न होऊ दे, म्हणाली. आणि लग्न तुम्ही आठ महिने पुढं ढकललंत. नव्या घराचा स्लॅब पडल्याशिवाय सून आणायची नव्हती तुम्हाला."

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात दिपमालाची आई, तानुबाई, गेल्या. पोरीचा पायगुण आईलाच भोवला, असे प्रमिलाबाई तेव्हा चारचौघींत म्हणाल्या होत्या. दिपमालाचा आवाज आताही चढला नव्हता. मेथी निवडावी तसा एकेक शब्द ती वेगळा करून ठेवत होती.

प्रमिलाबाईंच्या पिशवीत फोन वाजला. नवऱ्या मुलाची आई, धुळ्याच्या बेबाबाई.

"रामराम, अक्का! गुरुवारनं पक्कं शे ना? घरमा बठ्ठा बरा शेतस ना?"

घरात सगळे बरे ना, हा तोच प्रश्न. प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला. पाठ ताठ केली.

"नाही, बेबाबाई. मला कॅन्सर निघाला आहे. सोमवारपासून औषध सुरू करते. गुरुवारी यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

पलीकडे टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

"यासले इचारीसन सांगस, अक्का," बेबाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याला विचारायच्या नावावर फोन बंद झाला.

प्रमिलाबाई सुनेकडे वळल्या. आपण केले ते बरोबर केले ना, असे त्यांनी उभ्या जन्मात कुणाला विचारले नव्हते. आताही तोंडाने विचारले नाही. नुसत्या बघत राहिल्या.

दिपमाला केव्हाच बाकावरून उठली होती.

"हे सांगायला गुरुवारपर्यंत तरी थांबायचं होतं, आई," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं लग्न होतं ते."