दहा मिनिटं

रुपचंदभाऊंनी कॉम्प्युटरचा तो कडेला भोकं असलेला लांबलचक कागद द्रौपदाबाईंच्या पुढ्यात उलगडला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. नरडाण्याहून सकाळच्याच गाडीने ते धुळ्याला आले होते. व्याही होणारा माणूस चहाला हात लावत नाही म्हटल्यावर बाई काय ते समजल्या.

"नाडी एक निंघनी, अक्का. पोरगीना जन्म दहा मिनिट आधी ऱ्हाता, तर बठ्ठं जमी जातं."

घ्या! मुलगा-मुलगी दोनदा भेटले, एकमेकांना आवडले, साखरपुड्याची तारीख निघाली, आणि आग्रा रोडवरच्या दुकानात यंदाच आलेल्या, पत्रिका जुळवणाऱ्या एका खोक्याने सगळं मोडीत काढलं.

द्रौपदाबाई अठ्ठावीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होत्या. गावातल्या निम्म्या पोरांच्या जन्मवेळा त्यांच्या अक्षरात. त्या वेळा कशा लिहिल्या जातात, हे त्यांना नाही तर कुणाला माहीत? मूल रडवायचं, नाळ कापायची, बाईचं रक्त थांबलं का बघायचं, हात धुवायचे. मग कुठे मान वर करून घड्याळ. आणि लेकीच्या, मंदाच्या वेळी तर त्या स्वतःच टेबलावर होत्या. रक्त काही थांबेना. लिलाबाई सिस्टरने पोर आयाकडे दिली आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. अशा वेळी घड्याळाकडे कोण बघतंय मरायला! सगळं निभावल्यावर, पाच-दहा मिनिटांनी, वेळ लिहिली गेली.

हे सगळं त्यांनी लाज गुंडाळून ठेवून रुपचंदभाऊंना सांगितलं.

"पटस, अक्का. पण तुम्ही आई शेतस, तुम्हना जीव गुंतेल शे. मशीनले ना पोऱ्या, ना पोर. ते कशाले खोटं बोली?"

कागदाची घडी खिशात घालून ते उठले. जाताना वाकून नमस्कारही केला, अगदी मनापासून.

मंदा दाराआड उभी राहून ऐकत होती.

"आई, लिलाबाईंनी आधी घड्याळ बघितलं असतं तर..."

पुढचं तिच्याच ध्यानात आलं. ती गार झालेला चहा मोरीत ओतायला निघून गेली. द्रौपदाबाईंना राग आला नाही. काळजाला घरं मात्र पडली. लेक काही वाईट नव्हती, आणि तेच त्यांना सोसेना.

दुपारी त्या ड्युटीवर गेल्या. चारच्या सुमाराला एक बाई टेबलावर आली. पहिलटकरीण, भेदरलेली.

"नर्सबाई, टाइम पक्का लिहा हं! कॉम्प्युटरमध्ये टाकायचाय," दाराबाहेरून तिचे सासरे ओरडले.

मूल बाहेर आलं, रडलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच द्रौपदाबाईंची मान आधी घड्याळाकडे वळली. चार वाजून सतरा मिनिटं. सेकंदकाटा कुठे आहे, तेही त्यांनी नीट पाहून घेतलं.

टेबलावरची बाई "अक्का, अक्का" करत त्यांचा हात चाचपत होती.