खालचा दात

“तोंड उघडा. अजून. जबडा दुखला पाहिजे,” युनशिया कमरेच्या भोंग्यातून म्हणाली, आणि सहलीची सगळी मंडळी कठड्याशी ओळीने आ वासून उभी राहिली. समोरच्या उंच इमारतीच्या पोटातून मेट्रो बाहेर पडते. फोटो नेमका टिपला, की गाडी सरळ माणसाच्या तोंडात शिरल्यासारखी दिसते. चीनमधल्या या चोंगचिंगला येऊन गाडी न खाता परत गेलेला पाहुणा विरळाच.

ओळीच्या टोकाला सहा वर्षांची स्वेस्वे मात्र ओठ घट्ट मिटून उभी होती.

“ही कुणाची पोर?” उत्तरेकडून आलेल्या जाडजूड मावशींनी विचारलं. “सकाळपासून बघतेय, एकटीच आहे. आई कुठंय गं तुझी?”

“कामावर,” स्वेस्वे म्हणाली.

“घ्या. लेकरू परक्यांच्या गाडीत आणि आई कामावर. काय एकेक बायका असतात.”

युनशियाने हातातला झेंडा उगीचच सरळ केला.

स्वेस्वे आजीजवळ डोंगरातल्या गावी वाढत होती. बाप दक्षिणेत बांधकामावर, आई इथे. गावचे चोउकाका काही कामाने शहरात येणार होते, त्यांनी काल संध्याकाळी तिला आणून सोडलं होतं, आज संध्याकाळी परत नेणार होते. मे महिन्याची सुट्टी, शहर पाहुण्यांनी फुगलेलं. अशा दिवसांत रजा मागणाऱ्या गाईडला पुन्हा कुणी बोलावत नाही, आणि सहलीच्या गाडीत घरचं माणूस आणायची सक्त मनाई. ड्रायव्हर पेंगदादा तेवढे म्हणाले होते, “मागची एक जागा रिकामी आहे बघ. माझं काय, मी पुढे बघून गाडी चालवतो.”

सकाळी वेणी घालताना युनशियाने लेकीला बजावलं, “आज मला आई म्हणायचं नाही. सगळे म्हणतात तसं गाईडताई म्हणायचं. नाहीतर माझं काम जाईल.”

“बरं,” स्वेस्वे म्हणाली. इतक्या चटकन, की युनशियाच्या हातातला पेड सुटला. वर्षातून दोनदा दिसणाऱ्या बाईला आई म्हणायचं नाही, यात पोरीला अवघड ते काय? एकच दिवस होता हाताशी. जाताना तिने एकदा तरी म्हणावं, की मला नाही जायचं. एवढ्यासाठीच युनशियाने ही जोखीम घेतली होती.

समोरच्या इमारतीतून मेट्रो धडधडत बाहेर आली. शेवटच्या क्षणी स्वेस्वेनेही तोंड उघडलं. मग ती पळत आली आणि तिने तळहात पुढे केला.

“गाईडताई, पडला.”

कधीपासून हलत असलेला खालचा दात. ओठावर रक्ताचा थेंब. युनशियाने बाहीनेच तो टिपला आणि तिचा हात त्या एवढ्याशा हनुवटीवर, गाईडचा राहावा त्याहून जरा जास्तच राहिला.

“खालचा ना? मग छपरावर भिरकाव, नवा भराभर वर येतो,” मावशी म्हणाल्या. “पाय जुळवून उभी राहा हं, नाहीतर वाकडा येईल. वरचा पडला की तो मात्र खाली टाकायचा.”

“ठाऊक आहे. आजीनं सांगितलंय,” स्वेस्वे म्हणाली आणि दात कागदाच्या पुडीत बांधला.

दुपारी तिखटजाळ नूडल्स खाताना मावशींच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. “तुमच्या गावात पाण्यालासुद्धा फोडणी देता का गं?”

“पाण्याला नाही, पाहुण्यांना देतो,” पेंगदादा म्हणाले.

मग सगळे त्या प्रसिद्ध चौकात आले. बघावं तर साधा चौक, झाडं, बाकडी. कठड्यावरून वाकलं, की कळतं, आपण वीस-बावीस मजली इमारतीच्या माथ्यावर उभे आहोत. मंडळी वाकून हरखत होती, तेवढ्यात युनशियाने भोंगा बंद केला आणि लेकीशेजारी उकिडवी बसली.

“इथे टाकू या का दात? आपण दोघी. हे छप्परच आहे.”

स्वेस्वेने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. “हे तर खाली आहे. छप्पर वर असतं. आमच्या घराचं आहे.”

आमच्या. युनशियाने मान हलवली आणि भोंगा पुन्हा चालू केला.

संध्याकाळी नदीकाठच्या माड्यांवर दिवे लागले. मंडळी फोटोंत गुंग असताना चोउकाका पायऱ्या चढून आले. युनशिया लेकीच्या कानाशी वाकली. केसांना आजीकडच्या चुलीचा वास येत होता.

“आता म्हण. कुणी ऐकत नाहीये.”

स्वेस्वेने हळूच मागे पाहिलं. “त्या मावशी बघतायत. तुझं काम जाईल.”

आणि मुठीत पुडी घट्ट धरून ती काकांचं बोट पकडून गेली. मागे वळली नाही.

मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दिव्यांकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे तुमची मिरची तुम्हालाही लागते तर.” आणि खिशातला रुमाल त्यांनी तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी नवी मंडळी, तोच कठडा. गाडीला वेळ होता. आजीच्या फोनवरून आलेला निरोप युनशियाने कानाशी लावला. कोंबड्यांचा कलकलाट, मग कुजबुज.

“आई, आता म्हटलं तर चालतं ना? दात टाकला, कौलावर राहिला. पाय जुळवले होते. आणि ऐक ना, वरचा पण हलतोय. तो खाली टाकायचा असतो. तुझ्या खोलीकडे रस्त्यावरून आपण किती उतरलो होतो, आठवतं? तितकं खाली आमच्याकडे काहीच नाही. मी जिभेनं धरून ठेवते, पण तू मला लवकर तिकडे ने.”

“गाईडताई, गाडी आली, गाडी,” कुणीतरी ओरडलं.

“तोंड उघडा,” युनशिया म्हणाली. “अजून.”

सगळे आ वासून वर बघत होते. झेंडा उंच धरून ती त्यांच्यामागे उभी होती, दोन्ही पाय अगदी जुळवून.