झाकलेलं आढं

चर्चच्या दाराची अक्रोडाच्या लाकडाची मूठ वर्डेलच्या तळहातात अजून नेमकी बसत होती – कोरताना डॅडींनी आईचा हात मापाला घेतला होता म्हणे... तिने दार ढकललं, आणि आधी थंडी अंगावर आली, मग उजेड.

आढ्याखाली मागाहून ठोकलेलं फळ्यांचं छत काढून टाकलं होतं. चर्चचं उंच लाकडी आढं मोकळं झालं होतं. डेट्रॉइटच्या या काळ्या लोकांच्या वस्तीत ल्यूशस पेटीफर्डने, म्हणजे डॅडींनी, पहिली रेघ ओढली तेव्हा त्यांना दिसलं असेल, तसं. बाहेर भिंतीवर आर्किटेक्ट म्हणून आज त्यांचं नाव लागलं होतं.

"हसा की, सिस्टर वर्डेल," म्हातारे ब्रदर रॉस्को कुजबुजले. "डॅडीवर गेलात अगदी. फोटो म्हटला की दाढ दुखल्यासारखं तोंड!"

पुढे कॅमिल बोलत होती. जीर्णोद्धार तिनेच केलेला. तीही काळीच, तरुण, ल्यूशसचं नाव घेताना गहिवरणारी. "मध्ये कुणीतरी हलक्या फळ्या ठोकून या वास्तूचा गळा आवळला होता. आम्ही तो सोडवला."

टाळ्या.

कुणीतरी... वर्डेलला ठाऊक होतं कोण. कारखाने बंद पडले, माणसं पांगली, चर्च ऊबदार ठेवणारा बॉयलर मेला, म्हाताऱ्या कोट घालून प्रार्थना करू लागल्या, आणि सिस्टर ओला न्यूमोनियाने गेली त्या हिवाळ्यात डॅडी स्वतः शिडीवर चढले – ज्या शहराने त्यांनीच आखलेल्या बँकेत त्यांना काळे म्हणून मागच्या दाराने घेतलं, त्या शहरातलं त्यांचं हे एकच मनासारखं काम – आणि ते त्यांनी फळीफळीने झाकलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आता ऊब राहील." पुढे चर्चमध्ये त्यांनी मान वर केली नाही. लोकांना वाटे, केवढी भक्ती!

"मिस वर्डेल, दोन शब्द बोला ना," कॅमिल म्हणाली.

ती उभी राहिली. आज कुठे त्यांचं नाव मोठ्याने घेतलं गेलं होतं... गप्प बसावं?

"ते छत माझ्या डॅडींनी ठोकलं," ती म्हणाली. "इथे लोक गारठत होते म्हणून."

कॅमिलचा चेहरा उतरला.

"फळ्या मी धरल्या होत्या," मागून रॉस्को म्हणाले. "रडत होता बिचारा."

रडत होते? हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बोलल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पण वर त्या आढ्याकडे बघताना तिला आयुष्यात पहिल्यांदा डॅडींचा राग आला – असं काही माझ्या डोक्यावर होतं, आणि तुम्ही एकदाही, एका शब्दाने बोलला नाहीत... आणि तो राग कुठे ठेवावा, तिला कळेना.