माझ्या अंगावरचं न निघणारं जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. रिमोटवर चालणाऱ्या, हातभर लांबीच्या बोटीतली. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. छत्री बोलते, घड्याळ बोलतं, आणि सगळी कशी क्षमाशील! मी तशी नाही. मला राग आलेला आहे, आणि तो ओकल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

माझा संसार आटोपशीर आहे. पोलादी नळकांडं, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, मधोमध चुंबक बसवलेला दांडा आणि त्या दांड्याला दोन्ही टोकांना आधार देणारी दोन बेअरिंगं. वीज आली की दांडा गरगर फिरतो, त्याच्या जोरावर पंखा पाणी कापतो आणि बोट सुसाट सुटते. फिरताना मी तापते. म्हणून माझ्यासारख्या मोटरला वरून एक जॅकेट घालतात. जॅकेट म्हणजे ॲल्युमिनियमची नळी. तिच्यात आणि माझ्यात थोडी पोकळी असते, आणि बाहेर दोन तोट्या. बोट पळू लागली की तळ्याचं पाणी एका तोटीतून शिरतं, माझं अंग गार करतं आणि दुसरीतून बाहेर पडतं. दुकानातल्या जॅकेटला टोकांशी रबराच्या रिंगा असतात. थोडं पिळलं की ते हाताने निघतं. तसं एखादं साधं जॅकेट माझ्या नशिबी आलं असतं तर आज एवढं तोंड वाजवायची वेळ आली नसती.

मला विकत आणलं ते एका मुलीने. ती इस्पितळाच्या प्लास्टर-खोलीत काम करते. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि हाड जुळलं की ते कापायचं, हा तिचा धंदा. सुट्टीच्या दिवशी ती बागेतल्या तळ्यावर बोट पळवते, आणि तिचा बाप काठावर उभा राहून सूचना करतो. बाप लेथवर काम करून निवृत्त झालेला. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. हात सोन्याचे आणि जीभ कानशीसारखी.

"रबर?" दुकानातलं जॅकेट बघून तो गरजला. "ज्याला माप जमत नाही त्याने रबर लावावं. मी करून देतो."

आणि त्याने केलं, मित्रांनो. आयुष्यभर हा माणूस दांड्यांवर कड्या तापवून चढवत आला होता. कडी तापली की फुगते आणि सरकून बसते. निवली की आवळते आणि जन्मात हलत नाही. कारखान्यात ते ठीकच होतं, कारण तिथे कडी निघू नये म्हणूनच चढवतात. तोच न्याय त्याने मला लावला. रबराला फाटा दिला. जॅकेट शेगडीवर तापवलं, चिमट्याने उचललं आणि माझ्या अंगावर उतरवलं. ते निवलं तसं मला दोन्ही टोकांशी करकचून आवळत गेलं. वर, दिसायला सुबक म्हणून मागची कड अशी आत वळवली होती की मला उघडायचे स्क्रू तिच्याखाली झाकले गेले.

"बाबा, हे काढायचं कसं?" मुलीने विचारलं.

"काढायला केलंय का मी? कळत नाही तर मधे बोलू नये."

ती गप्प बसली. तिचाही मला राग आहे. बापापुढे गप्प बसणं ही तिची जुनी खोड आणि तिचे भोग मात्र मी भोगले.

तळ्यावर जॅकेटचा उदोउदो झाला. त्याला मिस्त्रीने आरशासारखी चकाकी दिली होती. जो तो वाकून बघायचा आणि म्हणायचा, वा, काय काम आहे! माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. राबायचं मी आणि मिरवायचं त्या टिनपाटाने! हो, मी जळत होते. मनाने जळत होते, आणि पुढे पुढे खरोखरच जळू लागले.

झालं असं की तळ्याच्या पाण्याबरोबर गाळ येतो, शेवाळ येतं. निघणारं जॅकेट असतं तर कोणीतरी काढून धुतलं असतं. हे निघतच नव्हतं, त्यामुळे गाळ साचत गेला आणि पाण्याची वाट बुजत गेली. माझी एक बाजू भाजू लागली. उष्णतेने बेअरिंगातलं ग्रीस सुकलं. सुकलेलं बेअरिंग किंचाळतं, मित्रांनो. मी प्रत्येक फेरीला जीव तोडून किंचाळत होते, आणि काठावरची माणसं काय म्हणत होती?

"मिस्त्री, काय शिट्टी मारतेय तुमची बोट! जोर आहे बुवा!"

आणि वर टाळ्या पिटायची. मिस्त्रीची मान आणखी ताठ व्हायची.

शेवटी भर तळ्यात मी अडकले. करपल्याचा वास आला. घरी आणून मुलीने दांडा बोटांनी फिरवला, तर आतून खरखर ऐकू आली. बेअरिंग बदललं तर मी वाचणार होते, पण स्क्रू जॅकेटखाली होते. मग माझ्यावर सुरू झाले अत्याचार. मुलीने मला फ्रीजरमध्ये ठेवलं, का तर थंडीने मी आखडेन आणि सुटेन. अगं, थंडीने ॲल्युमिनियम माझ्याहून जास्त आखडतं! ते आणखीच आवळलं. मग मिस्त्रीचा जावई, म्हणजे तिचा नवरा, आला. त्याने दांड्याच्या टोकावर हातोडी घातली. उरलंसुरलं बेअरिंगही त्याने ठेचलं.

"थांबा, जावईबापू," मिस्त्री म्हणाला. मला वाटलं, आला बाई कोणीतरी वाचवायला! तर म्हणतो कसा, "जॅकेटला पोचा येईल. मोटर गेलीच आहे. ती आतून फोडून तुकड्या-तुकड्यांनी काढू. जॅकेट शाबूत राहिलं पाहिजे, दुसऱ्या मोटरला होईल."

त्याने ड्रिल आणलं आणि माझ्या तोंडावर खूण केली. माझ्या तारा, माझा चुंबक, सगळ्यांचा भुगा होणार, आणि वाचणार कोण, तर तो चकचकीत दुष्ट!

त्या वेळी मुलगी उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, मी रोज प्लास्टरं कापते. पाय कापा आणि प्लास्टर जपा, असं आजवर एकही पेशंट म्हणालेला नाही."

"ते प्लास्टर आहे. हे माझं काम आहे."

"तुमचं काम आत कोणालातरी मारतंय! तुम्ही नाही कापलंत तर मी कापते." तिने करवत उचलली. 

जावई हातोडी पाठीमागे लपवून उभा होता. मग मिस्त्रीने तिच्या हातातली करवत जवळजवळ हिसकावली.

"सरक तिकडे. तू तिरकं कापशील."

धातूचा कीस आत जाऊ नये म्हणून त्याने माझ्या दोन्ही तोंडांवर चिकटपट्टी लावली, लाकडी ठोकळ्यांमध्ये मला हलकेच धरलं आणि स्वतःचं जॅकेट स्वतः उभं कापलं. कापताना तोंडाने अखंड शिव्या चालू होत्या, मला, मुलीला, जावयाला, रबराला. माझ्या अंगाला पातं लागू नये म्हणून कागदाएवढा पापुद्रा ठेवून तो थांबला. मग छिन्नी लावून एक टिचकी मारली. जॅकेट उकललं आणि मी मोकळी झाले.

आतून काळा चिखल ओघळला. माझी एक बाजू कोळशासारखी झालेली सगळ्यांनी पाहिली. मिस्त्रीने तिच्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. आणि रागावला कोणावर, तर माझ्यावर!

"बोलली का नाहीस गं?"

"बोलत होती, बाबा," मुलगी म्हणाली. "आपण टाळ्या वाजवत होतो."

मित्रांनो, नवी बेअरिंगं बसली आणि मी पुन्हा फिरते. भाजलेली बाजू काही बरी होणार नाही, आणि पूर्वीचा वेगही आता नाही. माझा राग गेलेला नाही. तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की कोणालाही मायेने घट्ट आवळण्याआधी ते सोडायचं कसं, हे ठरवून ठेवा. आणि बंद करून ठेवलेल्याची खबर घेत जा. चकाकी बघून आत सगळं आलबेल आहे असं धरून चालू नका.

मिस्त्रीने माझी माफी मागितलेली नाही, आणि तो मागणारही नाही. पण तळ्यावरून आलं की तो रबरवाल्या नव्या जॅकेटला शिव्या घालत ते पिळून काढतो, माझी काळी बाजू पुसतो आणि दांडा कानाशी धरून हळूच फिरवून ऐकतो. तेवढं मला पुरतं.